तळटीप एकेचाळीस

गाऊदेंसिया म्बावाला हिची अकरा वर्षं गेली
एका माणसाचं अक्षर लागायला.
माणूस जर्मन, कारकून, कधीच मेलेला.
त्याचं एन आणि यू सारखंच,
एच म्हणजे उलटा टांगलेला मासे धरायचा गळ.
दार-ए-सलामच्या दप्तरखान्यात पंखा बंद,
कागदावर वाळवीनं काढलेल्या नद्या,
आणि घामाचा थेंब पानावर पडू नये म्हणून
ही कपाळाला फडकं बांधून बसलेली.
डोकं दुखतंय का बाई, शिपाई विचारायचा.
दुखतंय, म्हणायची,
एकोणीसशे सहापासून.

यादी सात : हमाल.
एक ते दोनशे बारा. नावं नाहीत.
एकशे चाळीसपुढे लाल फुली,
शेजारी शेरा : वजन वाटून दिले.
माणसाचं नव्हे, त्याच्या डोक्यावरच्या पेटीचं.
हे तिनं वहीत उतरवलं,
खाली जाऊन ऊस घेतला, दोन कांडी,
आणि कुणाशी न बोलता चोखून संपवला.

सुट्टीत सोंगेआ. तांबडा रस्ता, ओत्मारची मोटारसायकल,
मांडीवर टेपरेकॉर्डर, तापातलं मूल धरावं तसा.
बीबी आसुंप्ता न्गोंयानी म्हणाली, आधी त्यातल्या बॅटऱ्या काढ.
मग म्हणाली,
कागद आला की मागोमाग मोजणी येते.
शेळ्या मोजल्या. झोपड्या मोजल्या.
मग झाडाला लटकलेले मोजले.
तू काय मोजणार?
गाऊदेंसिया म्हणाली, शेंगा सोलू लागते.
तीन दिवस सोलल्या.
चौथ्या दिवशी म्हातारी बोलली
आणि ते टेपवर नाही.

स्वाहिलीत माजी म्हणजे पाणी,
जे अंगावर शिंपडलं की गोळीचं पाणी होणार होतं.
मराठीत माजी म्हणजे होऊन गेलेला.
तिनं ही भाषा कधी ऐकलेली नाही,
तरी दोन्ही अर्थांच्या मधोमध
तीच विहीर ती खणत होती.

मग सापडली ती पावती.
धान्याची कोठारं एकोणीस. जाळली. बियाणंही.
खाली सही, अरबी वळणाची, सराईत हाताची :
तिच्या आजोबांची.
ज्यांच्या पाठीवरचा व्रण
घरादारानं बंडाची खूण म्हणून मिरवला,
आणि जो, आता वाटतं,
एखाद्या बोकडाच्या शिंगाचाही असेल.

आत्या म्हणाली, झाकली मूठ राहू दे.
भाऊ म्हणाला, नावासारखी नावं असतात.
प्रकाशक म्हणाला, याच्यावाचून पुस्तकाचं काही अडत नाही,
आणि खरंच, काही अडत नव्हतं.

तिनं टाकली. मजकुरात नव्हे;
तेवढं धैर्य नव्हतं, किंवा तेवढा तोरा.
तळटीप एकेचाळीस, डोळे बारीक करून वाचावी अशी :
सही करणारा प्रस्तुत लेखिकेचा आजोबा.
'बियाणंही' हा शब्द वेगळ्या शाईत, मागाहून लिहिलेला.

आत्या त्यानंतर नाताळला आली नाही.

वेगळ्या शाईत म्हणजे काय, विद्यार्थी विचारतात.
पस्तावा? हुकूम? की नुसती दौत संपली होती?
अक्षर लागतं रे, ती म्हणते,
माणूस लागत नाही.

आता तिच्या डोळ्यांत पडदा आलाय.
ओत्मार वाचून दाखवतो, एन आणि यूमध्ये अडखळत.
काल आसुंप्ताची नात आली, खांद्यावर भुईमुगाचं पोतं.
एकोणिसातलं आमचं कोठार कुठलं, एवढंच सांगा.
पावतीत तसं काही नाही.
बस, गाऊदेंसिया म्हणाली, आणि टोपली पुढे ओढली.
बराच वेळ टरफलांचाच आवाज.
ओत्मारनं एक दाणा तोंडात टाकला.
ते पेरायचे आहेत, पोरगी म्हणाली.